शाखांच्या सर्व्हरांवर देखरेखीचे एजंट बसवताना

मुख्य कार्यालय बेळगावात आणि शाखा खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर अशा गावांत, हा आपल्या सीमाभागातल्या पतसंस्थांचा, सौहार्द सहकारी संस्थांचा आणि मोठ्या व्यापारी पेढ्यांचा नेहमीचा पसारा आहे. प्रत्येक शाखेत एक-दोन सर्व्हर असतात, ते ब्रॉडबँडने मुख्य कार्यालयाशी जोडलेले असतात आणि या सगळ्यांची काळजी वाहणारा माणूस बहुधा एकटाच असतो. शाखेतून फोन आला की त्याला काय झाले ते कळते, आणि तोवर काउंटरसमोर रांग लागलेली असते. हा फोन येण्याआधी त्याला कळावे, यासाठी प्रत्येक सर्व्हरवर देखरेखीचा एजंट कसा बसवावा, ते मी येथे सांगणार आहे. उदाहरणासाठी झॅबिक्स हे मुक्त स्रोत साधन घेतले आहे, कारण मी रोज तेच वापरतो.

एजंट म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारा एक लहानसा प्रोग्राम. प्रोसेसरवरचा भार, मेमरी, डिस्कवरची मोकळी जागा, चालू असलेल्या सेवा यांचे आकडे तो ठरावीक वेळाने मोजतो आणि मध्यवर्ती देखरेख सर्व्हरला कळवतो. आकडे साठवणे, मर्यादा ओलांडली का ते पाहणे आणि संदेश पाठवणे ही कामे मध्यवर्ती सर्व्हरची असतात. एजंट बसवायला दहा मिनिटे पुरतात. पण आधी ठरवायच्या दोन गोष्टींना वेळ द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास पुढचे सगळे काम वाया जाते.

जोडणी कोणी कोणाला करायची

एजंट दोन प्रकारे काम करतो. निष्क्रिय पद्धतीत मध्यवर्ती सर्व्हर एजंटच्या १००५० या पोर्टवर येऊन एकेक आकडा विचारतो. सक्रिय पद्धतीत एजंट स्वतः मध्यवर्ती सर्व्हरच्या १००५१ या पोर्टवर जातो, काय काय मोजायचे आहे त्याची यादी घेऊन येतो आणि आकडे आपणहून पाठवत राहतो. मुख्य कार्यालयातल्या एकाच नेटवर्कमध्ये दोन्ही पद्धती चालतात. शाखांसाठी मात्र माझे मत पक्के आहे की सक्रिय पद्धतच घ्यावी. तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये पुरवठादार पुष्कळदा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो, त्यामुळे बाहेरून शाखेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची वाटच नसते. जेथे ती असते तेथेही राउटरवर पोर्ट उघडून देखरेख करणे म्हणजे पहारेकऱ्याला आत घेण्यासाठी मागचे दार उघडे ठेवण्यासारखे आहे. सक्रिय पद्धतीत शाखेच्या राउटरला हात लावावा लागत नाही, कारण जोडणी आतून बाहेर जाते.

अर्थात मुख्य कार्यालयाचा पत्ता कायम राहिला पाहिजे, म्हणून तेथे स्थिर आयपी घ्यावा. तरीही १००५१ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यात वायरगार्ड या व्हीपीएन साधनाचा खाजगी बोगदा उभारावा आणि एजंटची जोडणी त्यातूनच न्यावी. पत्ते बदलणाऱ्या राउटरमागे बसलेल्या शाखेच्या टोकाला वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी जागे राहण्याचा संदेश पाठवण्याची सोय चालू करावी. ती नसेल तर काही वेळ वाहतूक झाली नाही की राउटर ती जोडणी विसरतो आणि मुख्य कार्यालयातून शाखेकडे जाता येत नाही.

सर्व्हरचे नाव

सक्रिय पद्धतीत एजंट स्वतःची ओळख नावाने देतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टनेम या ओळीत लिहिलेले नाव आणि मध्यवर्ती सर्व्हरवर नोंदवलेले यजमानाचे, म्हणजे देखरेखीखालच्या यंत्राचे, नाव ही दोन्ही अक्षरशः एक असली पाहिजेत. लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षराचा फरकसुद्धा चालत नाही. आपल्या जिल्ह्यात याला एक खास अडचण आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत रोमन स्पेलिंग बदलले. त्याआधीच्या यंत्रांची नावे ‘बेलगॉम’ अशा जुन्या स्पेलिंगने, नंतरच्यांची ‘बेलगावी’ अशा नव्या स्पेलिंगने, आणि घाईत कोणी ठेवलेली ‘बीजीएम’ अशा संक्षेपाने, असे तिन्ही प्रकार एकाच रॅकमध्ये सापडतात.

एका संस्थेत मी स्वतः यात फसलो आहे. मध्यवर्ती सर्व्हरवर डेटाबेसच्या यंत्राची नोंद मी जुन्या स्पेलिंगने केली आणि एजंटच्या फाइलमध्ये सवयीने नवे स्पेलिंग लिहिले. एजंट चालू होता, सेवेची स्थिती पाहिली तर हिरवी दिसत होती, फायरवॉलमध्ये अडथळा नव्हता; पण आकडे येत नव्हते. पडद्यावर लाल काहीच नव्हते, कारण आकडाच नसेल तर मर्यादा ओलांडली जाणार कशी? तीन आठवड्यांनी त्या यंत्राची डिस्क भरली आणि व्यवहार थांबले, तेव्हा मी एजंटचा लॉग उघडला. त्यात दर थोड्या वेळाने एकच ओळ येत होती: सर्व्हरवर सक्रिय तपासण्या नाहीत, या नावाचा यजमान सापडला नाही. पहिल्याच दिवशी लॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचल्या असत्या तर हे तेव्हाच कळले असते.

म्हणून एजंट बसवण्याआधी सगळ्या सर्व्हरांची नावे एका कागदावर लिहून काढावीत. मी गाव, काम आणि क्रमांक असा क्रम ठेवतो: ‘खानापूर-फाइल-०१’, ‘निपाणी-डेटाबेस-०१’. गावाचे रोमन स्पेलिंग एकदा ठरले की तेच सर्वत्र ठेवायचे, सगळी अक्षरे लहान लिपीत लिहायची आणि जागा न सोडता जोडरेघ घालायची. यंत्राचे स्वतःचे नाव बदलणे जोखमीचे असेल, कारण जुनी बँकिंग सॉफ्टवेअरे कधीकधी त्या नावाला बांधलेली असतात, तर ते तसेच राहू द्यावे आणि फक्त एजंटच्या फाइलमध्ये नवे नाव द्यावे. झॅबिक्सला तेवढे पुरते.

प्रत्यक्ष बसवणे

क्रम असा ठेवावा की आधी मध्यवर्ती सर्व्हर उभा राहील आणि मग एजंट येतील. जुना एजंट नव्या सर्व्हरशी बोलू शकतो, पण सर्व्हरपेक्षा नवा एजंट वापरण्याला अधिकृत आधार नाही. उबंटू किंवा डेबियनच्या स्वतःच्या भांडारातली आवृत्ती बहुधा मागे असते, म्हणून झॅबिक्सचे अधिकृत भांडार जोडून त्यातून एजंट २ हे पॅकेज घ्यावे. हा गो भाषेत लिहिलेला नवा एजंट आहे आणि मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसवर लक्ष ठेवण्याची सोय त्यात मुळातच आहे. विंडोज सर्व्हरसाठी एमएसआय स्वरूपाचा इन्स्टॉलर मिळतो. तो चालवताना मध्यवर्ती सर्व्हरचा पत्ता आणि यजमानाचे नाव विचारले जाते.

लिनक्सवर एजंट २ ची कॉन्फिग फाइल ईटीसी या निर्देशिकेतल्या झॅबिक्सच्या फोल्डरमध्ये असते. तिच्यात शेकडो ओळी दिसतात, पण सुरुवातीला तीनच ओळींना हात लावायचा. सर्व्हर ही ओळ निष्क्रिय पद्धतीसाठी असून आकडे विचारण्याची परवानगी कोणत्या पत्त्याला आहे ते तिच्यात लिहायचे. सर्व्हरॲक्टिव्ह या ओळीत एजंटने स्वतः कोठे जायचे तो पत्ता, म्हणजे शाखांच्या बाबतीत मुख्य कार्यालयाचा वायरगार्डमधला पत्ता, द्यायचा. तिसरी ओळ होस्टनेमची. तेथे मुळातच ‘झॅबिक्स सर्व्हर’ असे नाव भरलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते, ही नवशिक्यांची सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

यानंतर लगेच सांकेतिकीकरण चालू करावे, नंतर करू म्हणून ठेवू नये. त्यासाठी सामायिक गुप्त किल्लीची पद्धत सोपी पडते. ओपनएसएसएलच्या साहाय्याने ३२ बाइटांची यादृच्छिक किल्ली काढली की ६४ षोडशमान अंकांची एक ओळ मिळते. ती एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या फाइलच्या वाचनाची परवानगी फक्त झॅबिक्स या वापरकर्त्याला द्यायची. किल्लीचे ओळखनाव आणि फाइलचा मार्ग कॉन्फिगमध्ये लिहायचा आणि तीच किल्ली मध्यवर्ती सर्व्हरवर त्या यजमानाच्या नोंदीत भरायची. प्रत्येक शाखेला वेगळी किल्ली आणि वेगळे ओळखनाव द्यावे. एका शाखेचे यंत्र चोरीला गेले किंवा भंगारात दिले तर बाकीच्या शाखांच्या किल्ल्या बदलाव्या लागत नाहीत. किल्ली व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, एवढे आवर्जून सांगतो, कारण मी ते होताना पाहिले आहे.

एजंटद्वारे दुरून हुकूम चालवण्याची सोय मुळात बंद असते. काही जण सोयीसाठी ती उघडतात. ती बंदच राहू द्यावी. देखरेख करणाऱ्याच्या हातात फक्त वाचण्याचा अधिकार असावा. डेटाबेससाठीही वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला स्थिती पाहण्यापुरतेच अधिकार द्यावेत. ठेवीदारांच्या नोंदी त्याला दिसता कामा नयेत.

मग सेवा सुरू करायची, यंत्र चालू होताना ती आपोआप सुरू होईल अशी नोंद करायची आणि लॉग उघडायचा. सक्रिय तपासण्यांबद्दल तक्रारीची ओळ नसेल आणि मध्यवर्ती सर्व्हरच्या ताज्या आकड्यांच्या पानावर मिनिटभरात पहिले आकडे दिसले, तरच एजंट बसला असे समजावे. सक्रिय एजंटसाठी लिनक्सचा वेगळा टेम्प्लेट, म्हणजे काय मोजायचे आणि कोणत्या मर्यादा लावायच्या याचा तयार संच, येतो. घाईत निष्क्रिय पद्धतीचा टेम्प्लेट जोडला गेला तर आकडे येणार नाहीत, हेही याच वेळी तपासावे.

काय मोजावे

टेम्प्लेट जोडला की डोळे दिपतील इतके आकडे येऊ लागतात. ते साठवायला किती जागा लागेल याचा हिशेब आधी करावा. धरून चालू की १२ सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाचे १०० आकडे मिनिटाला एकदा येतात. म्हणजे सेकंदाला २० आकडे, दिवसाला १७,२८,००० आकडे. एका आकड्याला सुमारे ९० बाइट धरले तर दिवसाला दीडशे एमबीच्या थोडे वर आणि महिन्याला साडेचार ते पाच जीबी जागा लागते. एका शाखेच्या जुन्या डेस्कटॉपवर देखरेख सर्व्हर चालवू पाहणाऱ्याला हा हिशेब महत्त्वाचा आहे. डिस्कची जागा दर मिनिटाला मोजण्याचे कारण नाही, पाच मिनिटांनी मोजली तरी पुरते.

डिस्कच्या बाबतीत टेम्प्लेटच्या मूळ मर्यादा ८० आणि ९० टक्के अशा असतात. ४० जीबीच्या विभाजनावर उरलेले २० टक्के म्हणजे ८ जीबी, पण ४ टीबीच्या डिस्कवर तेच ८०० जीबी होतात. एकाला घाई आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून टक्केवारीबरोबर, सध्याच्या वेगाने डिस्क किती दिवसांत भरेल याचा अंदाज देणारे कार्य वापरावे आणि तो अंदाज सात दिवसांच्या आत आला की सूचना मिळेल असे करावे. बॅकअपचाही एक आकडा हवा: शेवटची बॅकअप फाइल किती तासांपूर्वीची आहे आणि तिचा आकार कालच्याइतका आहे का. शून्य बाइटांची फाइल रोज वेळेवर तयार होत असेल तर नुसती वेळ पाहून काहीच कळत नाही.

आपल्याकडे यूपीएसवर लक्ष ठेवणे हा भाग मी सर्वांत वर ठेवीन. मे महिन्यातला वळीव असो वा खानापूर तालुक्यातला आषाढातला पाऊस, वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि बॅटरी पूर्ण भरायला वेळच मिळत नाही. यूपीएसला यूएसबीची जोडणी असेल तर ती सर्व्हरला लावून नेटवर्क यूपीएस टूल्स हा मुक्त संच बसवावा. तो यूपीएसची स्थिती संक्षेपात सांगतो: ओएल म्हणजे मुख्य वीज चालू, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. एजंटच्या फाइलमध्ये स्वतःचा एक मापदंड लिहून ही स्थिती आणि बॅटरीची टक्केवारी वाचायची. ओबी पाच मिनिटे टिकली की पहिला संदेश, एलबी आली की दुसरा, आणि त्याबरोबर सर्व्हर नीट बंद होण्याची सोय नेटवर्क यूपीएस टूल्समध्येच करून ठेवायची. ‘सर, करंट गेलाय’ असा शाखेतून फोन येईपर्यंत पुष्कळदा बॅटरीही गेलेली असते.

घड्याळाकडे दुर्लक्ष होते, पण वेळ चुकली तर आकड्यांचा क्रम आणि सूचनांचा अर्थ दोन्ही बिघडतात. प्रत्येक सर्व्हरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम बसवावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळ-सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी जुळवायची आहे, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. सहा तासांचा हा काळ पाहिला तर देखरेख नसलेल्या शाखेने घटना वेळेत कळवणे किती अवघड आहे ते ध्यानात येते.

मौनाचा अर्थ

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येतो. एजंट बिघाड सांगतो, पण स्वतः बंद पडला तर सांगायला कोणी उरत नाही. म्हणून प्रत्येक यजमानावर, ठरावीक काळ आकडा आला नाही तर पेटणारा नोडेटाचा ट्रिगर, म्हणजे सूचना सुरू करणारा नियम, असलाच पाहिजे. मी शाखांसाठी दहा मिनिटे ठेवतो. याहून कमी ठेवले तर ब्रॉडबँडच्या प्रत्येक उचकीला संदेश येतो आणि आठवडाभरात माणूस ते न वाचताच पुसू लागतो.

शाखेत दोनांपेक्षा अधिक सर्व्हर असतील तर तेथे झॅबिक्सची प्रॉक्सी बसवणे चांगले. ती शाखेतल्या एजंटांचे आकडे गोळा करून स्थानिक एसक्यूलाइट फाइलमध्ये ठेवते आणि जोडणी मिळेल तसे मुख्य कार्यालयाला पाठवते. जोडणी नसताना आकडे किती तास सांभाळायचे याची मुळातली मर्यादा एकच तास आहे. ती वाढवून मी २४ तास करतो, कारण पावसाळ्यात केबल तुटली तर ती जोडायला माणूस दुसऱ्या दिवशीच येतो.

मात्र प्रॉक्सी आली की एक खाच तयार होते. प्रॉक्सीशी संपर्क तुटलेला असताना नोडेटाचा ट्रिगर मुळात पेटत नाही; जोडणी परत आल्यावर मागाहून येणाऱ्या आकड्यांमुळे खोट्या सूचनांचा पूर येऊ नये म्हणून ती योजना केलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की प्रॉक्सीच बंद पडली तर त्या शाखेतले सगळे सर्व्हर एकदम गप्प होतात आणि एकही सूचना येत नाही. यावर उपाय म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवर प्रत्येक प्रॉक्सीचा शेवटचा संपर्क मोजणारा अंतर्गत आकडा तयार करणे आणि तो दहा मिनिटांपेक्षा जुना झाला की वेगळा, मोठ्या तीव्रतेचा ट्रिगर पेटवणे. हा ट्रिगर प्रत्येक प्रॉक्सीसाठी न विसरता हाताने तपासावा.

उलट दिशेने, एका बिघाडाचे दहा संदेश येऊ नयेत म्हणून ट्रिगरांची अवलंबितता लिहावी. राउटर पडला असेल तर त्यामागच्या सर्व्हरांचे संदेश दाबले जावेत. आणि ज्या इंटरनेटवरून ईमेल जातो तेच मुख्य कार्यालयात बंद पडले तर सूचना बाहेर कशी जाणार, याचाही विचार करावा. झॅबिक्सला जीएसएम मोडेम जोडता येतो आणि त्यातून थेट एसएमएस जातो. संदेश मराठीत किंवा कन्नडात लिहायचा असेल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरेच मावतात हे लक्षात ठेवून गाव, यंत्र आणि बिघाड एवढेच लिहावे. शाखेतला कर्मचारी जी भाषा सहज वाचतो त्या भाषेत संदेश असावा. रात्री अकरा वाजता शाखेची चावी त्याच्याकडे असते.

शाखेत उभे राहून तपासणी

हे सगळे बेळगावात बसून करता येते, पण शेवटची तपासणी शाखेत जाऊन करावी. शाखा व्यवस्थापकाला आधी सांगून, व्यवहार बंद झाल्यावर, सर्व्हरची नेटवर्क केबल (शाखेत प्रॉक्सी असेल तर राउटरला येणारी इंटरनेटची केबल) काढावी आणि घड्याळ लावून उभे राहावे. दहा मिनिटांनी आपल्या मोबाइलवर संदेश आला पाहिजे. केबल परत लावल्यावर मधल्या वेळेचे आकडे आलेखात भरून येतात का ते पाहावे. प्रॉक्सी असूनही तेथे पोकळी दिसली तर आपण केबल भलत्या ठिकाणची काढली आहे किंवा एजंटचा पत्ता प्रॉक्सीऐवजी मुख्य सर्व्हरचा राहिला आहे. मग एजंटची सेवा थांबवून तेच करावे, आणि प्रॉक्सीची सेवा थांबवून पुन्हा. यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून ओबीचा संदेश येतो का आणि त्यात कोणत्या शाखेचे नाव लिहिलेले येते, तेही वाचून पाहावे. एकदा निपाणीच्या यूपीएसचा संदेश चिक्कोडीच्या नावाने आला होता, कारण कॉन्फिग फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर तशीच नकलली होती आणि नाव बदलायचे राहिले होते.

शेवटी सर्व्हर रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा, कोणीही लॉगिन न करता एजंट आपोआप सुरू झाला का ते मुख्य कार्यालयाच्या पडद्यावर मोबाइलवरून पाहावे, आणि तारीख, वेळ व किती मिनिटांनी संदेश आला ते शाखेच्या नोंदवहीत लिहून खाली व्यवस्थापकाची सही घ्यावी. मग पुढच्या शाखेचा रस्ता धरावा.